स्फटिक माईक आणि ६०० ओहमचा संच : एका जुळणीचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कॉनिऑट गावच्या ॲस्टॅटिक कंपनीचा डी-१०४ हा माईक १९३० च्या दशकात बाजारात आला आणि त्यानंतर सुमारे सात दशके तो हौशी रेडिओचालकांच्या टेबलांवर टिकून राहिला. चकचकीत धातूचे गोल डोके, उभा दांडा आणि जड बैठक अशा त्याच्या रूपामुळे तिकडे त्याला ‘लॉलीपॉप’ म्हणतात. प्रस्तुत प्रकरणातला माईक ठाणे जिल्ह्यातील एका परवानाधारक हॅमकडे, म्हणजे हौशी रेडिओचालकाकडे, परदेशातील नातेवाइकांमार्फत आला. त्याची बैठक जुन्या साध्या प्रकारची, म्हणजे दांड्यालगतची पट्टी आवळली की प्रेषण सुरू होईल अशी होती आणि तिच्यात ॲम्प्लिफायर नव्हता. दुसऱ्या बाजूला होता आयकॉमचा आयसी-७३०० हा एचएफ (लघुलहरींवर प्रेषण आणि ग्रहण करणारा) संच, ज्याच्या पुढच्या पॅनेलवर आठ पिनांचे माईक सॉकेट असते आणि ज्याच्या माईक इनपुटाचा इंपीडन्स, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा विरोध, ६०० ओहमचा आहे. या दोहोंना जोडून ४० मीटर तरंगलांबीच्या बँडवर एकेरी पट्ट्याच्या, म्हणजे एसएसबी पद्धतीच्या प्रेषणात सुस्पष्ट आणि समतोल आवाज मिळवायचा, एवढाच प्रश्न होता. तो वाटतो त्यापेक्षा बराच वेगळा निघाला.

पहिला प्रयत्न सरळ होता. योग्य प्लग बसवून माईकची तार थेट संचाला जोडण्यात आली, संच ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) चालवला आणि संचातील मॉनिटरची सोय वापरून हेडफोनवर स्वतःचे प्रेषण ऐकले. माईक गेन शेवटपर्यंत वाढवूनही एएलसी मीटर (प्रेषणाची पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचे मीटर) जेमतेम हलत होते आणि जो आवाज येत होता तो पातळ, पत्र्यासारखा होता. ‘स’ आणि ‘श’ ऐकू येत होते, पण ‘म’, ‘ब’, ‘ओ’ यांना अंगच नव्हते. अशा वेळी ‘माईक म्हातारा झाला’ असा निष्कर्ष काढण्याची घाई होते आणि कितीतरी चांगले डी-१०४ त्यापायी भंगारात गेले असतील. या माईकचा मात्र काहीच दोष नव्हता. संचाचाही नव्हता.

डी-१०४ च्या डोक्यात रोशेल सॉल्टच्या स्फटिकाची चकती असते. सोडियम आणि पोटॅशियम यांचे हे टार्ट्रेट पहिल्यांदा फ्रान्समधील ला रोशेल येथे तयार झाले, आणि दाब दिला असता विद्युत् दाब निर्माण करणाऱ्या ज्या स्फटिकांचा अभ्यास झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये मांडला, त्यांत तेही होते. आवाजाने पडदा हलतो, पडदा चकतीला वाकवतो आणि चकतीच्या दोन बाजूंवर व्होल्टेज उभे राहते. तोंडाजवळ धरून बोलल्यास हे व्होल्टेज साधारण ५० मिलिव्होल्टांच्या आसपास धरता येते. ६०० ओहमचा सामान्य डायनॅमिक माईक तेवढ्याच आवाजाला काहीच मिलिव्होल्ट देतो, म्हणजे स्फटिक माईक मुळात उदार आहे. त्याची अडचण दुसरीकडे आहे. विद्युत् दृष्टीने पाहिले तर ही चकती म्हणजे एका लहान कपॅसिटरच्या मागे बसलेला व्होल्टेजचा उगम आहे. हिशेबासाठी त्या कपॅसिटरचे मूल्य आपण १ नॅनोफॅरड धरू.

एवढ्या लहान कपॅसिटरपुढे ६०० ओहमचा भार ठेवला की दोघे मिळून एक हाय-पास फिल्टर, म्हणजे वरचे स्वर जाऊ देणारा आणि खालचे अडवणारा फिल्टर, तयार होतो आणि त्याची सीमा-वारंवारता, म्हणजे जिच्या खाली स्वर दबत जातात ती वारंवारता, २६५ किलोहर्ट्झ येते. माणसाचे बोलणे तिच्या कितीतरी खाली असते. परिणामी १ किलोहर्ट्झच्या स्वराचा २६५ वा भाग संचापर्यंत पोहोचतो, ३०० हर्ट्झच्या स्वराचा जवळजवळ ८८० वा भाग आणि ३ किलोहर्ट्झचा ८८ वा. आवाज क्षीण का होता हे यातून कळते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो पातळ का होता हेही कळते, कारण ३०० ते ३००० हर्ट्झ या, बोलणे समजण्यासाठी लागणाऱ्या पट्ट्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २० डेसिबलचा उतार पडला होता. हा उतार गेन वाढवून जात नाही, कॉम्प्रेसरने (हळू आणि मोठ्या आवाजांतला फरक कमी करणाऱ्या सोयीने) तर तो अधिकच उठून दिसतो आणि संचातील ट्रेबल-बासच्या मेन्यूमध्ये तो पुसून टाकण्याइतकी ताकद नसते.

ज्या काळात हा माईक घडवला गेला त्या काळात हा प्रश्नच नव्हता. संचातल्या व्हॉल्व्हच्या (निर्वात नळीच्या) ग्रिडला, म्हणजे इनपुटाच्या टोकाला, मेगाओहमच्या मापाचा रेझिस्टर जोडलेला असे आणि १ नॅनोफॅरडपुढे १ मेगाओहम ठेवल्यास सीमा-वारंवारता १५९ हर्ट्झवर येते. पूर्ण आवाज, पूर्ण व्होल्टेज.

‘हाय इंपीडन्स’ या एका नावाखाली वावरणारे सगळे माईक सारखे नसतात, ही गोष्ट या प्रकरणात निर्णायक ठरली. हातात पहिला सहज आलेला उपाय ट्रान्सफॉर्मरचा होता. ५० किलोओहमवरून ६०० ओहमवर आणणारा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, ज्याच्या वेटोळ्यांचे गुणोत्तर ९ च्या थोडे वर असते, तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात शोधला तर मिळू शकतो. ज्या जुन्या माईकच्या आत चुंबक आणि वेटोळे असते, त्यांना हा उपाय चपखल बसतो. स्फटिकाला मात्र तो ट्रान्सफॉर्मर ५० किलोओहमचाच भार दिसतो आणि त्यावर सीमा-वारंवारता ३.२ किलोहर्ट्झ येते, म्हणजे जवळपास सगळे बोलणे पुन्हा उतारावरच राहते. ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर आवाज आधीपेक्षा पुष्कळ मोठा होतो आणि त्यामुळे काम झाले असे वाटते, हा या उपायातला खरा धोका आहे.

दुसरा प्रचलित सल्ला असा की माईकच्या तारेत ४७० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत टाकावा. १९७० च्या दशकातील ज्या संचांचे माईक इनपुट ५० किलोओहमचे असे, त्यांच्यासाठी हा सल्ला फार चांगला आहे. एकूण भार ५२० किलोओहम होतो, सीमा ३०० हर्ट्झच्या आसपास येते आणि व्होल्टेज दहाव्या भागावर उतरले तरी ५ मिलिव्होल्टांच्या जवळ शिल्लक राहते, जे त्या संचांना पुरते. तोच रेझिस्टर ६०० ओहमच्या इनपुटापुढे टाकला तर आवाजाचा उतार जातो, पण व्होल्टेज ७८४ व्या भागावर येते. मालिकेतल्या रेझिस्टरऐवजी इनपुटाला समांतर मोठा कपॅसिटर लावून पाहिले तरी गणित सुटत नाही, कारण ६०० ओहमवर ३०० हर्ट्झची सीमा मिळवायला जवळपास ०.९ मायक्रोफॅरड लागतात आणि १ नॅनोफॅरडची चकती त्यात विरून जाते. दोन्ही वाटांनी तोटा ५८-५९ डेसिबलचा होतो. रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर कोणतेही घ्या, ट्रान्झिस्टर किंवा फेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) न वापरता ६०० ओहमच्या संचाला स्फटिक माईक नीट जोडता येत नाही, म्हणजे मध्ये माईकवर भार न टाकता संचाला चालवणारा एक बफर हवा, असे या टप्प्यावर स्पष्ट झाले.

बफर बसवण्यापूर्वी

चकती जिवंत आहे याची खात्री आधी करणे आवश्यक होते, आणि ठाणे-मुंबईच्या हवेत तर विशेषच. रोशेल सॉल्ट पाण्यात अतिशय विद्राव्य आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांच्या वर गेली की उघडा स्फटिक ओल शोषून विरघळू लागतो आणि कोकण किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ही पातळी नित्याची असते. चकतीवर कारखान्यात दिलेले संरक्षक आवरण इतक्या वर्षांनी कितपत शाबूत आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. उष्णतेचे म्हणाल तर सुमारे ५५ अंश सेल्सिअसला स्फटिक आपले पाणी सोडून बिघडतो, म्हणून वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत असा माईक ठेवणे म्हणजे तो संपवणेच होय, आणि चकतीच्या अगदी जवळ सोल्डरिंग आयर्न नेणेही टाळावे.

चाचणी सोपी आहे. गिटारच्या ॲम्प्लिफायरचे इनपुट सहसा १ मेगाओहमचे असते, त्यामुळे स्फटिक माईक त्याला थेट जोडून ऐकता येतो. या माईकचा आवाज तेथे भरघोस आणि स्वच्छ आला आणि चकतीबद्दलची शंका मिटली. हे साधन हाताशी नसेल तर कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरवर नॅनोफॅरडच्या मापाचे काहीतरी दिसते का ते पाहावे. ओल खाऊन विरघळलेली चकती मीटरला गळका कपॅसिटर म्हणून दिसते किंवा अजिबात दिसत नाही.

त्यानंतर बैठकीच्या तळाचे झाकण काढून तारा तपासल्या. इतक्या वर्षांत अशा माईकची वायर किती जणांनी बदलली असेल याचा नेम नसतो, म्हणून रंगांवर विश्वास न ठेवता प्रत्येक तार मल्टिमीटरने शोधून काढली. पीटीटीची (पुश-टू-टॉक, म्हणजे प्रेषण सुरू करणाऱ्या स्विचची) परतीची तार आणि माईकच्या शील्डची तार आतच एकत्र बांधलेल्या सापडल्या. जुन्या, रिलेवर चालणाऱ्या प्रेषकांना ते चालत असे. आयकॉमच्या सॉकेटमध्ये मात्र पिन १ वर माईक, पिन ७ वर माईकची ग्राउंड, पिन ५ वर पीटीटी आणि पिन ६ वर पीटीटीची ग्राउंड अशी वेगळी सोय आहे आणि ती वेगळीच ठेवावी, म्हणून ती गाठ सोडवली. येथे एक इशारा द्यायला हवा. केनवूडच्या संचांवरही दिसायला हुबेहूब असेच आठ पिनांचे सॉकेट असते, पण तेथे पिन २ वर पीटीटी असतो आणि आयकॉममध्ये त्याच पिन २ वर ८ व्होल्टांचा पुरवठा असतो. एका कंपनीसाठी बांधलेला प्लग दुसऱ्या कंपनीच्या संचात बसतो, घट्ट फिरतो आणि पट्टी आवळताच ते ८ व्होल्ट जिथे जाऊ नयेत तिथे जातात.

पिन १ संबंधी आणखी एक बाब आहे. हल्लीच्या हातमाईकमध्ये इलेक्ट्रेट कॅप्सूल (आवाज टिपणारा, वीजपुरवठ्यावर चालणारा छोटा घटक) असते आणि तिला लागणारे डीसी व्होल्टेज याच पिनवरून पुरवले जाते. स्फटिक डीसी प्रवाह वाहून नेत नाही, त्यामुळे थेट जोडणीत ते व्होल्टेज सतत चकतीवर उभे राहते. चकती तत्काळ बिघडेल असे नाही, पण वाकण्यावर चालणाऱ्या स्फटिकावर कायमचा विद्युत् ताण ठेवण्याचे काही कारण नाही. मध्ये कपॅसिटर असलाच पाहिजे.

बफर

मंडळ (सर्किट) म्हणून एका जे-फेटचा सोर्स-फॉलोअर निवडला, ज्यात माईकचे व्होल्टेज फेटच्या गेट या टोकाला देतात आणि जवळपास तेवढेच व्होल्टेज सोर्स या टोकावरून कमी इंपीडन्सने बाहेर घेतात. पिन २ वरील ८ व्होल्टांतून १० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेता येतो आणि या मंडळाला एकाच्या आसपास पुरतो, त्यामुळे बॅटरीची गरज उरत नाही. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमुळे बीएफडब्ल्यू १० हा फेट सर्वपरिचित आहे, परंतु त्याचा आयडीएसएस (गेटवर शून्य व्होल्ट असताना वाहणारा प्रवाह) ८ ते २० मिलिअँपिअर असतो आणि प्रवाह पूर्ण थांबवायला त्याला जास्त उलटे व्होल्टेज लागते, म्हणून ८ व्होल्टांत त्याला मोकळेपणाने काम करायला जागा कमी पडते. त्याचे धाकटे भावंड बीएफडब्ल्यू ११, किंवा २एन५४५७ हे येथे अधिक योग्य. या फेटांत नगागणिक फरक फार, त्यामुळे सोर्सला ३.३ किलोओहमचा रेझिस्टर लावून, सोर्सवर २ ते ४ व्होल्ट दाखवणारा नग निवडणे हाच खात्रीचा मार्ग आहे. बीएफडब्ल्यू मालिकेच्या धातूच्या टोपीला चौथा पाय असतो, तो ग्राउंडला जोडावा.

गेटच्या रेझिस्टरबाबत सर्वत्र आढळणारा सल्ला ‘जितका मोठा तितका चांगला’ असा आहे. त्यानुसार आधी २.२ मेगाओहम लावला. सीमा ७२ हर्ट्झवर आली, आवाज गिटार ॲम्प्लिफायरवर ऐकला होता तसा भरघोस झाला, आणि त्यासोबत घरातल्या ५० हर्ट्झची गुणगुणही आली, कारण त्या स्वराला हे मंडळ फक्त ५ डेसिबलने दाबत होते. शिवाय प्रेषण सुरू होताच अँटेनाची थोडी ऊर्जा त्या उघड्या, अतिसंवेदनशील गेटवर परत येऊन आवाज फाटू लागला. आणि पातळी तर गरजेहून कितीतरी जास्त होती. माईक गेन अगदी तळाशी ठेवावा लागत होता.

येथे माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय झाला. बफर लागल्यावर स्फटिकाच्या व्होल्टेजची चणचण संपलेली असते, उलट ते उरते. मग ते उरलेले व्होल्टेज शेवटी पोटेन्शिओमीटरवर (पातळी कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या रेझिस्टरवर) जाळण्यापेक्षा सुरुवातीलाच, गेटपाशी खर्च करून त्या बदल्यात काही मिळवता येईल का, असा विचार केला. चकतीला समांतर २.२ नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावला. आता चकतीचा १ आणि हा २.२ असे मिळून उगमाची धारिता (कपॅसिटन्स) ३.२ नॅनोफॅरड झाली आणि पातळी १० डेसिबलने उतरली. हा विभाजक दोन कपॅसिटरांचा असल्यामुळे सर्व वारंवारतांना सारखाच लागू होतो, आवाजाचा पोत बदलत नाही. धारिता वाढल्यामुळे गेटचा रेझिस्टर ३३० किलोओहमपर्यंत खाली आणता आला आणि तरीही सीमा १५० हर्ट्झवर राहिली, जी ३०० ते २७०० हर्ट्झच्या प्रेषणपट्ट्याला नेमकी सोयीची आहे. त्या सीमेमुळे ५० हर्ट्झची गुणगुण सुमारे १० डेसिबलने दबली. रेडिओ वारंवारतेच्या (आरएफच्या) घुसखोरीला तर तो कपॅसिटर म्हणजे जवळजवळ थेट ग्राउंडच दिसतो. गेटच्या पायात एक फेराइट मणी आणि सगळे मंडळ धातूच्या बैठकीत बसवणे, एवढ्यावर आवाज फाटणे पूर्ण थांबले.

आउटपुटला २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घेतला. इलेक्ट्रोलिटिक घेतला असता तर पिन १ वरील डीसी आणि सोर्सवरील डीसी यांत मोठे कोणते हे मोजून त्याची दिशा ठरवावी लागली असती, फिल्मला दिशा नसते. या प्रवाहावर सोर्सचा आउटपुट इंपीडन्स ५०० ते ६०० ओहमांच्या घरात येतो आणि संचाच्या ६०० ओहमवर व्होल्टेज निम्मे होते, त्यामुळे मूळच्या ५० मिलिव्होल्टांपैकी साधारण ७ मिलिव्होल्ट संचाला मिळतात. इतके त्याला हवेच असतात. पोटेन्शिओमीटरची गरज राहिली नाही आणि माईक गेन मधल्या भागात आला.

जाता जाता केबलविषयी. चुंबक-वेटोळ्याच्या हाय इंपीडन्स माईकला लांब शील्डेड केबल लावली की तिच्या धारितेमुळे वरचे स्वर गळतात, हे पुष्कळांनी अनुभवलेले असते. स्फटिकाचा उगमच कपॅसिटरसारखा असल्याने केबलची धारिता त्याच्या आवाजाचा पोत न बिघडवता फक्त पातळी किंचित उतरवते. तरीही बफर बैठकीत ठेवण्याचे कारण गुणगुण आणि आरएफ हे आहे.

संचावरची मांडणी

कॉम्प्रेसर बंद ठेवून, सामान्य बोलण्याच्या जोरावर एएलसी मीटर आपल्या पट्ट्याच्या आत राहील इतपतच गेन ठेवला. डी-१०४ चा प्रतिसाद बोलण्याच्या वरच्या भागात उंचावलेला आहे आणि गर्दीच्या बँडवर व्यंजने स्पष्ट ऐकू यावीत यासाठीच त्याची ख्याती आहे, म्हणून प्रेषणाचा ट्रेबल वाढवण्याचे कारण नव्हते. बास मात्र एका पायरीने चढवला. कॉम्प्रेसर नंतर थोडासाच लावला, कारण आधीच धारदार असलेल्या आवाजाला जोरात दाबले की मागच्या पंख्याचा आणि खिडकीबाहेरच्या रहदारीचा आवाजही वर येतो.

तपासणीसाठी ‘ऑडिओ कसा आहे?’ असे विचारणे निरुपयोगी ठरते, त्यावर प्रत्येक जण सौजन्याने ‘उत्तम’ म्हणतो. त्याऐवजी संचासोबत येणारा हातमाईक आणि डी-१०४ यांवर तेच वाक्य, कोणता माईक आहे हे न सांगता, आळीपाळीने बोलून दाखवले. जवळच्या, जोरकस संपर्कात ऐकणाऱ्यांनी हातमाईक अधिक नैसर्गिक ठरवला. संध्याकाळी ४० मीटरवर गोंगाट वाढल्यावर, सिग्नल खाली-वर होत असताना, डी-१०४ वरचे शब्द आणि कॉलसाइनमधली अक्षरे पुन्हा विचारावी लागत नव्हती. म्हणून दोन्ही माईक टेबलावर राहिले, आणि हा निकाल मला अधिक प्रामाणिक वाटतो.

हाच माईक व्हीएचएफच्या (अतिउच्च वारंवारतेच्या) एफएम संचाला लावायचा विचार पुढे आला, पण तो सोडून दिला. एफएममध्ये प्रेषणापूर्वी वरचे स्वर मुद्दाम चढवले जातात आणि त्यानंतर डेव्हिएशन (आवाजामुळे होणारा वारंवारतेतला बदल) मर्यादित करणारे मंडळ येते, त्यामुळे वरच्या भागात उंचावलेला माईक त्या मर्यादेवर सतत आपटून कर्कश होतो.

पावसाळ्यातल्या साठवणीचा प्रश्न शेवटी राहिला. माईक सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवावा, हा सहज सुचणारा उपाय अर्धाच बरोबर आहे, कारण आर्द्रता सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेली तर रोशेल सॉल्ट स्वतःच्या स्फटिकातले पाणी गमावू लागते आणि चकती भुकटीच्या वाटेने जाते. या हॅमने डब्यात स्वस्त आर्द्रतामापक ठेवला आहे आणि ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आकडा राहील इतकेच जेल तो आत ठेवतो. बैठक, बफर आणि केबल बाहेर टेबलावरच असतात. पावसाळ्यात काम नसताना फक्त डोके काढून डब्यात जाते.